गिऱ्हाईक नसलेलं दुखणं

1862 साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारनं फुरशांवर इनाम लावलं. मारलेलं फुरसं आणून दाखवायचं आणि ठरलेले पै घेऊन जायचे. थोड्याच दिवसांत लाखाहून जास्त मेलेली फुरशी सरकारदरबारी जमा झाली. आमचं खारेपाटण तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. त्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. फुरशी काही त्यानं संपली नाहीत, आजही कातळसड्यावर दगड उलथला की ती निघतात. पण त्या जुन्या नोंदीत मला सापांपेक्षा व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. पैसे मोजणारा कुणी ठामपणे उभा राहिला, भाव आधीच सांगितला, माल आणल्यावर रोख दिले, तर जे मिळत नाही असं वाटत होतं ते ढिगानं आलं.

गरिबांना औषध परवडेल कसं, यावर जगभर बोललं जातं तेव्हा चर्चा बहुतेक वेळा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. औषध महाग आहे, कंपन्या नफेखोर आहेत, पेटंट मोडा, भाव उतरवा. यातलं बरंचसं खरं आहे आणि त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण माझं म्हणणं असं की गरिबांच्या दुखण्यांपुरता तरी मूळ प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. ज्या रोगाला खात्रीचं गिऱ्हाईक नाही, त्याचं औषध स्वस्त असो वा महाग, ते वेळेला हाताशी नसतं. आणि ते गिऱ्हाईक होण्याची ऐपत गरिबाची नसते; ती फक्त सरकारची, किंवा अनेक सरकारांनी मिळून उभ्या केलेल्या एखाद्या संस्थेची असते.

फुरशाचंच घेऊ. बेणणीच्या दिवसांत किंवा काजूच्या बागेत पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस आरोग्य केंद्रात आणला की डॉक्टर आधी त्याचं दोन-तीन मिलिलीटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवतात. मग ती हळूच कलती करून बघायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विष रक्तात भिनलंय. फुरसं आणि घोणस या दोघांचंही विष रक्त गोठू देत नाही. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीत निदान चुकतं. या तपासणीला खर्च असा नाहीच. खर्च सुरू होतो त्यानंतर. प्रतिविषाच्या कुपीत पांढरी भुकटी असते, ती दहा मिलिलीटर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, कुपी जोरात न हलवता हातात गोल फिरवत, नाहीतर फेस होतो. पहिला डोस साधारण दहा कुप्यांचा. रक्त सहा तासांनी पुन्हा तपासायचं, तेव्हाही गोठत नसेल तर पुन्हा कुप्या. औषध घोड्याच्या रक्तातून काढलेलं असल्यामुळे काहींना त्याची जोरदार रिॲक्शन येते, म्हणून ॲड्रेनलिनची सुई भरून शेजारी ठेवावी लागते.

एका कुपीची किंमत काही शे रुपये. दहा-वीस कुप्यांचा हिशेब हातावर पोट असलेल्या घराला झेपणारा नाही. सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात, कारण त्या सरकारनं विकत घेतलेल्या असतात. म्हणजे पान लागलेल्या माणसाचा जीव वाचतो तो बाजारातल्या भावामुळे नव्हे, तर त्याच्या आधी कित्येक महिने कुणीतरी मागणीपत्रक भरलं, कुणीतरी निविदा काढली, कुणीतरी बिल चुकतं केलं आणि फ्रीज चालू ठेवला म्हणून. या साखळीतली एक कडी निसटली की रुग्णाला गाडीत घालून कणकवलीला, तिथून ओरोसला, तिथून गोव्यात बांबोळीला न्यायचं. फुरसं वेळ देतं, नाग-मण्यार देत नाहीत.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला आहे. एवढ्या मृत्यूंचा रोग शहरातल्या पगारदार वर्गाला झाला असता तर औषध कंपन्यांनी त्यावर संशोधनाची रीघ लावली असती. पण साप चावतो तो चिखलात अनवाणी उभ्या असलेल्याला, अंधारात परसाकडे जाणाऱ्याला, जमिनीवर झोपणाऱ्याला. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे गरज आणि खिशातला पैसा, दोन्ही मिळून. नुसती गरज बाजाराला दिसत नाही. या हिशेबात अठ्ठावन्न हजार माणसांची मागणी शून्याच्या जवळपास येते.

इथे पेटंटचा दोष नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रतिविषाची पद्धत 1890 च्या दशकात फ्रेंच डॉक्टर काल्मेतनं काढली. सव्वाशे वर्षांत त्यावर कुणाची मक्तेदारी उरलेली नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेत, नारायणगावात, तेलंगणात ते बनतं. विष येतं मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून, जी 1978 पासून साप पकडून, विष काढून, साप पुन्हा सोडून देते. सगळं ज्ञान खुलं आहे. तरीही तुटवडा होतो.

पेटंटचा प्रश्न खरा होता, तिथे आपण लढलो आणि जिंकलोही. 1970 चा पेटंट कायदा, ज्याचा पाया न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालानं घातला, त्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारलं आणि फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्या जोरावर मुंबईतल्या सिप्लासारख्या कंपन्या वाढल्या. 2001 च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीच्या तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. अख्ख्या आफ्रिकेचं भविष्य बदलणारी ती गोष्ट होती, आणि ती मुंबईत घडली याचा मला मनापासून अभिमान आहे. 2005 मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे कायदा बदलावा लागला, तरी त्यात जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट घेऊ न देणारं कलम 3(ड) राहिलं. त्याच्या आधारानं सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी नोव्हार्टिसला रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचं पेटंट नाकारलं. त्याआधी 2012 च्या मार्चमध्ये पेटंट नियंत्रकांनी मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरचं नेक्साव्हर बनवायची सक्तीची परवानगी नॅटकोला दिली आणि महिन्याला 2 लाख 80 हजारांचं औषध 8,800 रुपयांवर आलं. 2023 च्या मार्चमध्ये क्षयावरच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याची मागणी फेटाळली गेली, आणि तिला विरोध नोंदवणाऱ्या दोघी जणी स्वतः क्षयातून, श्रवणशक्ती गमावून, बाहेर आलेल्या होत्या: मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले.

पण एचआयव्हीच्या गोष्टीतली दुसरी तारीख सहसा कुणी सांगत नाही. भाव उतरला 2001 मध्ये. भारतातल्या गरीब रुग्णाला सरकारी रुग्णालयात ते औषध फुकट मिळायला लागलं 1 एप्रिल 2004 पासून, मुंबईच्या जे. जे. सह आठ केंद्रांत. मधल्या तीन वर्षांत औषध मुंबईतच बनत होतं, जहाजानं परदेशी जात होतं, आणि मुंबईतलीच माणसं त्याशिवाय मरत होती. दिवसाला एक डॉलरसुद्धा ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी 350 डॉलर आणि 10,000 डॉलर यांत फरक नाही. फरक पडला तो नाको या केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेनं खरेदी सुरू केल्यावर, आणि आफ्रिकेत ग्लोबल फंडासारख्या संस्था खरेदीला उतरल्यावर.

भाव आणखी पाडला की झालं, असं मानणाऱ्यांनी घानाची हकीकत वाचावी. तिथल्या ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशावर सानोफीचं फॅव-आफ्रिक वापरलं जायचं. पैसे वाचवण्यासाठी आरोग्य खात्यानं भारतात बनलेलं स्वस्त प्रतिविष आणलं. एका रुग्णालयातले मृत्यू शंभरामागे दोनाच्या आत होते ते बाराच्या वर गेले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण दिलं आहे: ते औषध भारतीय फुरशाच्या विषावर बनवलेलं होतं, आणि घानात चावणारं फुरसं वेगळ्या जातीचं. आमच्या कातळावरच्या सापाचं औषध तिथल्या शेतकऱ्याच्या शिरेत गेलं आणि तो मेला. निविदेतला सर्वांत कमी भाव बघून खरेदी करणाऱ्यानं माल कशावर चालतो हे विचारलं नाही, आणि विकणाऱ्यानंही सांगितलं नाही. सानोफीनं 2014 मध्ये फॅव-आफ्रिकचं उत्पादन थांबवलं. स्वस्त मालापुढे ते परवडेना. म्हणजे निकामी औषधानं बाजार खाल्ला आणि चांगलं औषध गेलं. एका भारतीयानं ही गोष्ट शरमेनंच सांगायला हवी. जगाचा औषधवाला म्हणवून घ्यायचं तर गरीब देशाला पाठवलेली कुपी आपल्या आईला टोचता येईल अशी असली पाहिजे.

अतिस्वस्ताईचा दुसरा फटका आपल्याच देशात बसतो. पेनिसिलिन घ्या. पिंपरीत 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच औषधासाठी. पेनिसिलिन कुणाच्या मालकीचं नाही, जुनं आहे, अजूनही सांधेतापातून होणाऱ्या हृदयविकाराला तेच रोखतं. पण त्यात नफा इतका घटला की एकेक उत्पादक बाजूला झाला, आणि कच्चा माल चीनमधून येऊ लागला. शेवटी ज्या प्राधिकरणाचं काम भाव दाबून ठेवणं, त्यालाच 2024 च्या ऑक्टोबरमध्ये बेंझिल पेनिसिलिनसह काही जुन्या औषधांची कमाल किंमत पन्नास टक्क्यांनी वाढवावी लागली, ती बाजारातून नाहीशी होऊ नयेत म्हणून. त्या निर्णयावर नाराजी उमटली. मला तो योग्य वाटतो. दुकानात नसलेलं स्वस्त औषध हे औषधच नव्हे.

आता कुणी म्हणेल, मग कंपन्यांना हवा तो भाव लावू द्या, त्या पैशातून संशोधन होतं, नवं औषध येतं. या म्हणण्याला उत्तर द्यायला महाडला जावं लागेल, खारेपाटणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्यावर.

सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावलेली मुलं त्यांच्यासमोर मरत होती. त्यांनी रात्ररात्र खाटेशेजारी बसून नोंदी केल्या: घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. विंचवाच्या विषानं शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं, हे त्यांनी ताडलं. त्यावर त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. रक्तदाबावरची साधी गोळी, आधीपासून दुकानात मिळणारी, काही रुपयांची. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांतले मृत्यू शंभरातल्या चाळिसावरून एकावर आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या गोळीची मूळ कंपनी जगातल्या बलाढ्य कंपन्यांपैकी एक. तिच्या एकाही शास्त्रज्ञाला कोकणातल्या विंचवाचा विचार करायचं कारण नव्हतं. रक्तदाबाचा रुग्ण आयुष्यभर रोज गोळी घेतो. विंचू चावलेलं पोर दोन-चार गोळ्या घेऊन घरी जातं. नफ्यावर चालणारं संशोधन नफ्याच्या दिशेनं जाणार, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण मग तेच संशोधन गरिबाच्या नावानं पुढे करून जास्त भावाचं समर्थन करू नये. बावस्करांचं संशोधन कुणी पोसलं? एका सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पगारानं, म्हणजे तुमच्या-माझ्या करानं, आणि त्यांच्या स्वतःच्या झोपेनं. अशा माणसाची वाट बघत बसणं हे धोरण होऊ शकत नाही.

उलट दिशेचं उदाहरण याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या भागात 2016 पासून माकडताप येतो. 1957 साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा रोग गोचिडीतून पसरतो. काजूच्या हंगामात बागेत वाकून बी वेचणारी, पातेरा गोळा करणारी माणसं, त्यात बाया जास्त, या गोचिडींच्या तोंडी लागतात. त्यावर नेमकं औषध नाही. एक जुनी लस होती, कर्नाटक सरकारच्या बंगळुरूच्या पशुवैद्यकीय संस्थेत बनणारी. तिची ताकद कमी पडू लागली आणि 2022 च्या सुमारास ती वापरातून गेली. नव्या लशीचं काम आयसीएमआरनं हाती घेतलं आहे. पण मधल्या हंगामांत बांद्याच्या बाईला काय दिलं? अंगाला लावायचं तेल आणि सावध राहायचा सल्ला. तिनं वेचलेले काजूगर दुबईला, युरोपला चढ्या भावानं जातात. माल जगाच्या बाजारात आहे, तो वेचणारीचं दुखणं मात्र त्या बाजारात नाही.

गरिबाला औषध मिळावं हे दान आहे की देणं आहे, या प्रश्नाचं माझं उत्तर इथून येतं. साप, विंचू, गोचीड, भाताच्या खाचरातला लेप्टोचा जंतू: हे धोके ज्या कामात आहेत ते काम इतरांच्या ताटासाठी चालतं. शुक नदीला पूर आला, खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं की डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटाव्या लागतात, कारण दुसऱ्या दिवशी कुणाला तरी त्याच चिखलात उतरायचं असतं. धोका एकानं घ्यायचा आणि फायदा सगळ्यांनी, असं असेल तर औषधाचा खर्च सगळ्यांचा आहे. ते देणं आहे.

हे देणं सीमेपलीकडेही लागू होतं का? हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या माणसाला पुस्तकात वाचावा लागत नाही. आमचे गंभीर रुग्ण पिढ्यान्पिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. इथे संताप झाला. पण गोव्याचंही म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं: आमचा करदाता तुमच्या रुग्णाचा खर्च किती काळ करणार? मला वाटतं, बांबोळीच्या डॉक्टरनं रुग्णाची सीमा बघू नये आणि महाराष्ट्र सरकारनं बिल चुकवू नये, ही दोन्ही कर्तव्यं एकाच वेळी खरी आहेत. श्रीमंत देश आणि आफ्रिका यांच्यातही हेच आहे. श्रीमंतांनी द्यावं, आणि गरीब देशांच्या सरकारांनी त्या देण्यावर विसंबून आपलं अंदाजपत्रक मोकळं करून घेऊ नये. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा आफ्रिकेतल्या एचआयव्ही रुग्णांची केंद्रं बंद पडू लागली. वीस वर्षं औषध मिळत होतं ते परक्याच्या मर्जीवर, हे एका आठवड्यात उघडं पडलं.

भरवशाची खरेदी काय करू शकते, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. 1996-97 मध्ये सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथीत अडीच लाख माणसं आजारी पडली, पंचवीस हजार गेली. आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, लस डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत असेल तरच आम्हाला घेता येईल. मोठ्या कंपन्या त्या भावाला तयार होईनात. मग जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेनं, गेट्स फाउंडेशनच्या 7 कोटी डॉलरवर, पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटशी करार केला. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेनं आपली पद्धत शिकवली. 2010 च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत 'अ' प्रकारच्या मेंदूज्वराच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. इथे भाव आधी ठरला, गिऱ्हाईक आधी ठरलं, संशोधनाचा खर्च वेगळ्या खिशातून आला, आणि कारखानदाराला त्याचा रास्त नफा मिळाला. कुणी कुणावर उपकार केला नाही.

हेच प्रतिविषाला करता येईल. तामिळनाडूनं 1994 पासून राज्यभराच्या औषधांची एकत्र खरेदी, प्रत्येक खेपेची तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं अशी घडी बसवली आणि ती सत्तेतले पक्ष बदलले तरी टिकवली. आपल्याकडे 2017 मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, 2023 मध्ये काढून नव्या प्राधिकरणाकडे दिली, आणि प्रत्येक बदलात मधले महिने रिकामे गेले. नव्या प्राधिकरणानं प्रतिविषाचा पाच वर्षांचा लेखी करार करावा, दर वर्षी किती कुप्या घेणार ते आधी सांगावं, बिल ठरल्या दिवसात चुकतं करावं, आणि भाव थोडा जास्त पडला तरी चालेल पण कोकणातल्या फुरशाच्या विषावर औषध तपासलेलं असावं अशी अट घालावी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या कामानं दाखवलं आहे की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रदेशात बदलतं. आमच्या माणसाला तामिळनाडूच्या सापाचं औषध दिलं जातं, आणि ते इथे किती लागू पडतं हे मोजायची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. 1862 च्या सरकारनं मेलेली फुरशी मोजून घेतली. आजच्या सरकारनं जिवंत फुरशांचं विष गोळा करायला हाफकिनला परवानगी आणि पैसा द्यावा, आणि त्याची तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात नावानिशी दिसावी.